चौथ्या तासालाही साथ देणारी मोटरसायकल: खराब रस्त्यांवरच्या लांब प्रवासासाठी निवड कशी करावी

शोरूममध्ये उभ्या असलेल्या मोटरसायकलवर बसून पाहिले की जवळपास प्रत्येक गाडी आरामशीर वाटते. सीट नवी असते, खालची फरशी गुळगुळीत असते आणि पाच मिनिटांत आपण उतरतो. त्याच गाडीवर पहाटे दादरहून निघून पळस्पे फाटा, वडखळ, नागोठणे, कोलाड असे करीत माणगाव गाठल्यावर कंबर, मनगटे आणि माकडहाड काय सांगतात, त्यावरून ती लांब प्रवासाची गाडी आहे की नाही हे ठरते. माझे गाव लांज्याच्या बाजूला आहे, म्हणजे मुंबईपासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटरवर, आणि गणपतीला व शिमग्याला मी शक्यतो मोटरसायकलनेच जातो. पहिली काही वर्षे मी जी गाडी चालवली तिची सीट ऐसपैस होती आणि बसणे रुबाबदार होते. पण मागच्या शॉकअपची हालचाल अगदी थोडी होती आणि पाय पुढे टाकून बसावे लागत असल्यामुळे खड्डा समोर दिसूनही सीटवरून उठता येत नसे. प्रत्येक दणका थेट पाठीच्या कण्यात जात असे आणि चिपळूणला उतरल्यावर मला सरळ उभे राहायला वेळ लागे. त्यानंतरची गाडी मी ज्या क्रमाने निवडली तोच क्रम येथे मांडत आहे.

आधी आपले रस्ते लिहून काढा

गाडीचे नाव मनात येण्याआधी एका कागदावर मागच्या वर्षभरात आपण केलेले आणि येत्या वर्षात खरोखर करणार असलेले प्रवास लिहावेत. प्रत्येकापुढे एकूण अंतर, त्यातला खराब रस्ता किती, सोबत कोण आणि सामान किती, एवढे मांडावे. मुंबईकराच्या बाबतीत या कागदावर एक गोष्ट लगेच लक्षात येते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू, सागरी किनारा मार्ग आणि समृद्धी महामार्ग या चारही रस्त्यांवर दुचाकीला प्रवेश नाही. आपल्या वाट्याला येतात ते शीव–पनवेल महामार्ग, खोपोलीमार्गे जुना पुणे रस्ता, भिवंडीच्या बाजूने कसाऱ्याकडे जाणारा नाशिक महामार्ग, मुरबाडवरून माळशेज घाट आणि पनवेलपासून सुरू होणारा गोवा महामार्ग, ज्याच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ पासून चालू राहिले आणि ज्यावरची वळणे, खडी आणि उखडलेले पट्टे कोकणातल्या प्रत्येक चाकरमान्याला पाठ आहेत.

याचा खरेदीवर थेट परिणाम होतो. ताशी १२० किलोमीटरच्या वेगाला गाडी किती स्थिर आहे, हा प्रश्न आपल्यासाठी जवळजवळ गैरलागू ठरतो. महत्त्वाचे काय, तर ताशी ४० ते ८० किलोमीटरच्या पट्ट्यात, खड्डे आणि काँक्रीटच्या तुटलेल्या कडा झेलत, ती सहा-सात तास न दमवता चालते का. अश्वशक्तीवर खर्च होणारा पैसा सस्पेन्शन आणि चाकांकडे वळवायला हा कागद आपल्याला कारण देतो.

ज्यांचा कागद प्रामुख्याने सागरी मार्गाकडे झुकतो, म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, पुढे आगरदांड्याहून दिघी, वेश्वीहून बागमांडला, दाभोळहून धोपावे असे जेट्ट्यांवरून जाणे, त्यांनी गाडीचे वजन आणि साइड स्टँड यांना जास्त गुण द्यावेत. बोटीच्या ओल्या लोखंडी फळीवर गाडी मागे-पुढे ढकलावी लागते, आणि जांभ्याच्या ओल्या मातीत अरुंद पायाचे स्टँड रुतून गाडी कलंडते.

शरीराची मापे घ्या

दुसरी पायरी घरीच होते. प्रवासात घालायचे बूट घालून भिंतीला पाठ लावून उभे राहावे, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट दाबून धरावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावे. सीटच्या उंचीशी ताडून पाहायचा आकडा हाच. हिरो एक्सपल्स २०० ४व्ही या गाडीची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५ वर, रॉयल एन्फिल्ड हिमालयन ४५० ची ८२५ आणि ८४५ अशी दोन पातळ्यांवर बसवता येते, तर स्प्लेंडर प्लसची ७८५ वर आहे.

मात्र केवळ आकड्यावरून गाडी नाकारू नये. आपण बसलो की सस्पेन्शन काही सेंटिमीटर खाली जाते, आणि सीटचा पुढचा भाग निमुळता असेल तर तेवढ्याच उंचीवर पाय अधिक खाली पोहोचतात. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकत असतील, किंवा सीटवर थोडे सरकून एक पाय पूर्ण टेकत असेल, तर सरावाने ती गाडी सांभाळता येते. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत हा आग्रह धरणारे लोक शेवटी बुटकी आणि म्हणून कमी सस्पेन्शनची गाडी घेतात आणि खड्ड्यांत त्याची किंमत मोजतात. याउलट, फक्त अंगठे टेकत असतील तर मोह टाळावा, कारण घाटात उतारावर थांबताना पायाखाली खडी आली की तोल सावरायला काहीच उरत नाही.

सस्पेन्शन: सर्वांत जास्त वेळ येथे द्या

खराब रस्त्यावरच्या आरामाचा मोठा हिस्सा सस्पेन्शनमध्ये असतो, आणि ते समजून घ्यायला तीन गोष्टी पुरतात.

पहिली गोष्ट म्हणजे हालचालीची लांबी. चाक वर-खाली किती सरकू शकते हे मिलिमीटरमध्ये दिलेले असते. शहरासाठी बनवलेल्या १५०–१६० सीसीच्या गाड्यांना पुढे साधारण १२० ते १३० मिलिमीटर मिळतात. एक्सपल्स २०० ४व्ही मध्ये पुढे १९० आणि मागे १७० आहेत, तर हिमालयन ४५० मध्ये दोन्हीकडे २००. खोल खड्ड्यात लांबी संपली की सस्पेन्शन आपटते, आणि तो आवाज ऐकू येण्याआधी दणका कमरेला पोहोचलेला असतो.

दुसरी गोष्ट स्प्रिंगचा कडकपणा. स्प्रिंग कंपनीने ठरवलेल्या एका सरासरी वजनासाठी असते. पंचावन्न किलोच्या चालकाला जी गाडी टणक वाटते तीच पंच्याऐंशी किलोच्या चालकाला मऊ वाटू शकते, म्हणून मित्राने केलेली स्तुती किंवा निंदा ऐकताना त्याचे वजन आणि तो एकटा फिरतो की सपत्नीक, हे आधी विचारावे.

तिसरी गोष्ट, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, ती डॅम्पिंग. स्प्रिंग दबते आणि परत उसळते. त्या उसळीला लगाम घालण्याचे काम आतले तेल करते. लगाम कमी असेल तर गाडी एका खड्ड्यानंतर दोन-तीनदा डोलते आणि पुढचा खड्डा येतो तेव्हा अजून सावरलेली नसते. लगाम जास्त असेल तर ती लागोपाठच्या खड्ड्यांत खाली बसत जाते आणि कडक होते. शोरूममध्ये हे थोडेफार तपासता येते. पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात खाली दाबावे आणि सोडावे. पुढचा भाग एकदा वर येऊन स्थिर झाला पाहिजे. मागे सीट दाबूनही तेच पाहावे.

मागे एकच मोनोशॉक आहे की दोन शॉकअप आहेत, यावर लोक बराच वाद घालतात. माझ्या मते लांबी आणि डॅम्पिंग यांपुढे हा मुद्दा दुय्यम आहे.

चाके आणि टायर

पुढचे चाक जितके मोठे तितके ते खड्ड्यात कमी बुडते, ही साधी भूमिती आहे. तीस सेंटिमीटर रुंदीचा एक खड्डा कल्पनेत घेऊन हिशेब करून पाहावा. ९०/९०-२१ मापाच्या, म्हणजे २१ इंची चाकाच्या, टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६९५ मिलिमीटर येतो आणि ते चाक या खड्ड्यात सुमारे ३४ मिलिमीटर उतरते. १००/८०-१७ या, म्हणजे १७ इंची चाकाच्या, टायरचा व्यास सुमारे ५९२ मिलिमीटर आहे आणि ते त्याच खड्ड्यात सुमारे ४१ मिलिमीटर उतरते. फरक लहान दिसतो, पण वडखळ ते माणगाव या पट्ट्यात असे शेकडो खड्डे येतात आणि प्रत्येक वेळी हा फरक मनगटांना जाणवतो. हिमालयन आणि एक्सपल्स यांना पुढे २१ इंची चाक आहे, व्ही-स्ट्रॉम एसएक्सला १९ इंची. ज्यांचा बहुतेक प्रवास डांबरी घाटरस्त्यांवर आहे आणि अधूनमधूनच खराब पट्टा लागतो, त्यांना १९ इंची चाक वळणांवर अधिक चपळ वाटेल आणि ती चांगली मधली निवड आहे.

तारांची चाके की मॅगव्हील, हा प्रश्न पंक्चरशी जोडलेला आहे. तारांचे चाक जोराच्या दणक्यात वाकते, पण सहसा तडकत नाही, आणि वाकलेले रिम गावातला कारागीरही बऱ्यापैकी सरळ करून देतो. त्यात ट्यूब असेल तर मात्र पंक्चर झाल्यावर चाक उतरवावे लागते. मॅगव्हीलच्या ट्यूबलेस टायरला रस्त्याच्या कडेला दहा-पंधरा मिनिटांत स्वतः पट्टी भरता येते. आता काही गाड्यांवर तारांच्या चाकांसाठीही ट्यूबलेस टायरचा पर्याय मिळतो. खर्च परवडत असेल तर तो घ्यावा, कारण रात्री ताम्हिणी घाटात पावसात चाक उतरवण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

बसणे, उभे राहणे आणि मागे बसणारी व्यक्ती

खराब रस्त्यावर माणसाचे गुडघे हेच सर्वोत्तम शॉकअप असतात, आणि त्यांचा उपयोग करायचा तर फूटरेस्ट शरीराच्या खाली हवेत. म्हणून गाडी पाहताना डबल स्टँडवर किंवा कोणीतरी धरलेली असताना फूटरेस्टवर उभे राहावे. गुडघे किंचित वाकलेले, पाठ सरळ आणि हात हँडलवर सैल, अशा अवस्थेत मिनिटभर राहता आले पाहिजे. हँडलपर्यंत पोहोचायला कंबरेत वाकावे लागत असेल तर हँडल खाली आहे. राइझर बसवून ते दोन-तीन सेंटिमीटर उचलता येते, पण केबल आणि ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. पाय पुढे टाकून बसायच्या क्रूझर गाड्या गुळगुळीत महामार्गावर छान वाटतात, पण त्यांच्यावर खड्डा आल्यावर उभे राहणे अवघड असते, आणि या एका कारणासाठी मी कोकणच्या रस्त्यांना त्या सुचवत नाही.

सीटबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. अंगठ्याने दाबल्यावर खोल जाणारी मऊ सीट तासाभरात फोम दबून खालच्या पत्र्यासारखी लागू लागते. बेताचा घट्ट फोम आणि मांड्यांना आधार देणारी रुंदी असलेली सीट पहिल्या दहा मिनिटांत कडक वाटली तरी चौथ्या तासाला चांगली वाटते. गाडी बाकी सर्व बाबतींत पसंत असेल आणि फक्त सीट नको वाटत असेल तर ती नाकारू नये, कारण चांगला सीटवाला मोजक्या खर्चात फोम बदलून देतो. सस्पेन्शन बदलणे मात्र महाग आणि किचकट असते.

मागे बसणाऱ्या व्यक्तीला खरेदीपूर्वी एकदा तरी शोरूममध्ये न्यावे. माझी पत्नी एका उंच गाडीवर चढताना अडखळली आणि मागच्या निमुळत्या सीटवर बसल्यावर तिने एवढेच विचारले, की धरायचे कशाला. त्या प्रश्नाने ती गाडी यादीतून गेली आणि ते योग्यच झाले. मागच्या फूटरेस्टमुळे गुडघे फार वर येतात का, धरायला दोन्ही बाजूंनी भक्कम दांडी आहे का, आणि सामानाची बॅग बांधल्यावर बसायला जागा उरते का, या तीन गोष्टी प्रत्यक्ष बसवूनच कळतात.

इंजिन, वजन, टाकी

इंजिनबद्दल थोडक्यात सांगतो. तुटलेल्या रस्त्यावर आपण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रांगत असतो, म्हणून कमी आरपीएमवर न झटकता ओढणारे इंजिन हवे. ताशी ७० ते ८० च्या वेगाला हँडल आणि फूटरेस्टमध्ये जाणवणारी थरथर दोन तासांनी बोटे बधिर करते, तेव्हा तोच वेग टेस्ट राइडमध्ये पाहावा.

वजनाबद्दल मात्र गंभीर असावे. एक्सपल्स २०० ४व्ही सुमारे १६० किलोची आहे आणि हिमालयन ४५० सुमारे १९६ किलोची. हा फरक चालताना फारसा कळत नाही. चिखलात आडवी झालेली गाडी एकट्याने उचलताना, किंवा सोसायटीच्या चिंचोळ्या पार्किंगमधून रोज बाहेर काढताना तो कळतो. जो एकटा फिरतो आणि ज्याला दमसास कमी आहे, त्याने हलकी गाडी घ्यावी. जोडीने आणि सामानासह फिरणाऱ्याला जड गाडीचा ठेहराव आणि ताकद उपयोगी पडते.

टाकीची क्षमता प्रत्यक्ष मायलेजने गुणावी आणि त्यातून पाचवा हिस्सा वजा करावा. उरेल तेवढ्या किलोमीटरवर पंप गाठायचा, असा नियम ठेवावा.

एबीएसबाबत, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेबाबत, १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून ते बंधनकारक आहे. सुट्या खडीवर मागच्या चाकाचे एबीएस बंद करता येणे सोयीचे असते, पण ज्यांना मातीवर चालवण्याचा सराव नाही त्यांनी ते चालूच ठेवावे.

पैशांचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर १८ टक्के आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी लागतो. त्यामुळे ३५० च्या अलीकडे आणि पलीकडे असलेल्या दोन गाड्यांच्या ऑन-रोड किमतींत आता मोठे अंतर पडते, आणि आपल्या कागदावरच्या रस्त्यांना मोठे इंजिन खरोखर लागते का, हे येथे पुन्हा तपासावे. एकूण रकमेतला साधारण दहावा हिस्सा चांगले हेल्मेट, लेग गार्ड, सॅडलबॅग, सीटचे काम आणि पंक्चर किट यांसाठी बाजूला ठेवावा.

बजेट अगदीच मर्यादित असेल तरी निराश होण्याचे कारण नाही. कोकणातल्या वाड्यांवर वर्षानुवर्षे स्प्लेंडरच धावते आहे. तिची चाके दोन्हीकडे १८ इंची आहेत आणि वजन सुमारे ११२ किलो. वेग कमी ठेवला, दर तासाला थांबले आणि टायर चांगले घातले तर ती लांजा गाठते, आणि तिचे सुटे भाग कुठल्याही नाक्यावर मिळतात.

भाड्याने घेऊन पाहा

शोरूमची टेस्ट राइड बहुधा दोन किलोमीटरची आणि चांगल्या रस्त्यावरची असते. तरीही विक्रेत्याला विनंती करून गाडी पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत किंवा महामार्गाच्या उखडलेल्या सर्व्हिस रोडवर न्यावी, गतिरोधकावर एकदा बसून आणि एकदा उभे राहून जावे आणि मागे कोणाला तरी बसवावे. टायरमधली हवा आधी विचारून घ्यावी, कारण जास्त हवा भरलेली चांगली गाडीही दगडासारखी चालते.

यादीत दोन गाड्या उरल्या की त्या शनिवार-रविवारी भाड्याने घ्याव्यात. कायदेशीररीत्या भाड्याने दिल्या जाणाऱ्या मोटरसायकलीची नंबर प्लेट काळी असते आणि त्यावर पिवळी अक्षरे असतात. साधी पांढरी प्लेट असलेली गाडी कोणी भाड्याने देत असेल तर अपघातात विम्याचा प्रश्न उभा राहतो, म्हणून ती घेऊ नये. भाड्याची गाडी पळस्पेपासून माणगावपर्यंत आणि निजामपूरमार्गे ताम्हिणी चढून परत आणली की साधारण सर्व प्रकारचे रस्ते होतात. दर तासाला थांबून मान, खांदे, मनगटे, कंबर, बूड आणि गुडघे यांना दहापैकी किती त्रास आहे ते मोबाइलवर लिहावे. पहिल्या तासाचे आकडे विसरून जावे; तिसऱ्या आणि चौथ्या तासाचे आकडे दोन गाड्यांमध्ये ताडून पाहावेत. एवढ्या भाड्यात लाखो रुपयांची चूक टळते.

जुनी गाडी घ्यायची असेल तर फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या, नळ्यांवर तेलाचा थर आहे का, पुढचे चाक उचलून हँडल फिरवताना मधोमध खाच लागते का, म्हणजे कोन सेट (हँडलच्या मुळाशी असलेले बेअरिंग) गेला आहे का, आणि चाक फिरवल्यावर रिम डगमगते का, हे पाहावे. मुंबईत आणखी एक तपासणी अनिवार्य समजावी. पावसाळ्यात सखल भागांत उभ्या गाड्या पाण्यात जातात. सीट काढून वायरिंगच्या जोडण्यांवर गाळ, हिरवट गंज किंवा पांढरी भुकटी दिसली तर किंमत कितीही आकर्षक असली तरी ती गाडी सोडून द्यावी.

घरी आणल्यावरची जुळणी

गाडी घेतली म्हणजे निवड संपली असे समजणारे बहुसंख्य लोक कंपनीने बसवलेल्या स्थितीतच ती वर्षानुवर्षे चालवतात. एक दुपार आणि एक टेप एवढ्यावर तिचा स्वभाव बदलता येतो.

मागचे चाक हवेत असताना चाकाच्या आसापासून वर मागच्या पॅनेलवर चिकटवलेल्या टेपच्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग पूर्ण प्रवासी वेशात, नेहमीच्या सामानासह गाडीवर बसावे, एकाने पुढून गाडी धरावी आणि दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सॅग. तो सस्पेन्शनच्या एकूण लांबीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका असावा. २०० मिलिमीटरच्या सस्पेन्शनमध्ये साधारण ५० ते ६५. जास्त येत असेल तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब, वाढवावा, कमी येत असेल तर घटवावा. जोडीने जाताना प्रीलोड किती खुणा वाढवायचा हेही त्याच दिवशी मोजून सीटखाली चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवावे, म्हणजे निघायच्या पहाटे अंदाजाने खटपट करावी लागत नाही. प्रीलोड पूर्ण वाढवूनही सॅग जास्तच राहत असेल तर आपल्या वजनाला स्प्रिंग कमी पडते आहे आणि ती बदलण्याचा विचार करावा.

त्यानंतर क्लच आणि ब्रेकचे लिव्हर असे फिरवावेत की बसून हात पुढे केल्यावर मनगट सरळ रेषेत राहील. लांब प्रवासात हाताला येणाऱ्या मुंग्या पुष्कळदा एवढ्यानेच थांबतात. टायरमधली हवा पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने मोजावी.

तारांची चाके असतील तर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर प्रत्येक तारेवर पान्याने हलके टकटक करावे. सर्व तारांचा आवाज सारखा आला पाहिजे. एखादी बोदी वाजली तर ती सैल झालेली असते, आणि पुढच्या प्रवासाला निघण्याआधी गॅरेजमध्ये नेऊन ती ताणून घ्यावी.